पर्सेपोलिसचे खांब, रोमच्या चाळी

प्राचीन शहरांवरच्या आपल्या मालेत आज पर्सेपोलिस आणि रोम अशी दोन नावं घेतली आहेत. दोन्हींची चित्रं तुम्ही पाहिलेली असणार. इंटरनेटवर शोधलं की संगणकावर तयार केलेली भव्य दृश्यं समोर येतात. पांढरेशुभ्र खांब, धुतल्यासारखे स्वच्छ चौक, निळं आभाळ, आणि माणसं जवळजवळ नाहीतच. ऐन भरात असताना ही शहरं अशी दिसत होती का? आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही. या चित्रांत मुख्यतः दगडाचं शहर आलेलं असतं, कारण तेच टिकलं. माती, लाकूड, रंग आणि माणसं यांचं जे शहर होतं, ते त्याहून कितीतरी मोठं होतं. आज आपल्याला ते शोधायचं आहे.

आधी इराण. शिराझच्या ईशान्येला, डोंगराच्या पायथ्याशी पर्सेपोलिस आहे. हे नाव ग्रीकांचं. बांधणारे त्याला पार्सा म्हणायचे. सम्राट पहिला दारियस यानं इ.स.पू. ५१८ च्या सुमारास इथलं काम सुरू केलं. प्रचंड दगडी चौथरा, क्षेत्रफळ सुमारे सव्वा लाख चौरस मीटर, आणि त्यावर महाल. त्यातला सर्वांत नावाजलेला म्हणजे अपादाना, राजाचा सभामंडप. त्याला ७२ खांब होते, एकेक सुमारे २० मीटर उंच. आज त्यांतले १३ उभे आहेत.

आता एक गोष्ट नीट बघा. या चौथऱ्याचे फोटो पाहताना मोकळ्या जागेत नुसत्या दगडी चौकटी उभ्या दिसतात. दाराची चौकट आहे, खिडकीची चौकट आहे, मधली भिंतच नाही. पाहणाऱ्याला वाटतं, वास्तूच अशी मोकळी-ढाकळी असेल. तसं नाही. चौकटींच्या मध्ये कच्च्या विटांच्या जाडजूड भिंती होत्या. वर देवदाराच्या तुळया आणि त्यांवर धाब्यासारखं मातीचं छप्पर. इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या सैन्यानं आग लावली तेव्हा तुळया पेटल्या, छप्पर खाली आलं. उत्खननात राखेचे आणि जळक्या लाकडाचे थर मिळाले. उघड्या पडलेल्या भिंती पुढे पावसापाण्यानं विरघळून गेल्या. म्हणजे आज आपण जे बघतो तो सांगाडा आहे. हाडं राहिली, मांस गेलं.

आणि रंग! कोरीव कामावर निळ्या, लाल, हिरव्या रंगांचे अंश सापडले आहेत. तो करडा, गंभीर दगड म्हणजे आपल्या डोळ्यांना लागलेली सवय आहे. दारियसच्या पाहुण्याला तो तसा दिसला नसता. आत शिरल्यावर तर अंधुक उजेड, खांबांचं रान, आणि वर बैलांच्या जोडमुखांवर टेकलेल्या तुळया. मोकळ्या आभाळाखाली उभं राहून आपण त्याची कल्पना करतो, तिथेच अर्धी चूक होते.

अपादानाच्या जिन्यांवर २३ प्रांतांची शिष्टमंडळं कोरलेली आहेत, प्रत्येकजण काहीतरी नजराणा घेऊन चाललाय. त्यांत भारतीयही आहेत, म्हणजे सिंधूकाठचे लोक. उघड्या अंगाचे, धोतरासारखं वस्त्र नेसलेले. एकाच्या खांद्यावर चक्क कावड आहे, तिच्या पारड्यांत पिशव्या. त्यांत सोन्याची भुकटी असावी असं अभ्यासक मानतात. सोबत एक गाढव. सगळे शांतपणे रांगेत चाललेत. ढकलाढकली नाही, जबरदस्ती नाही. हे दृश्य राजाला हवं तसं काढलेलं आहे, हे विसरायचं नाही.

मग राजाला दाखवायचं नव्हतं ते कुठे सापडतं? कारकुनांच्या कागदपत्रांत, म्हणजे इथे मातीच्या पाट्यांत. १९३३-३४ मध्ये अर्न्स्ट हर्झफेल्ड यांच्या उत्खननात चौथऱ्याच्या तटबंदीतल्या खोल्यांमधून अशा पाट्या आणि त्यांचे तुकडे हजारोंनी निघाले. बहुतेक एलामी भाषेत. काळ इ.स.पू. ५०९ ते ४९३. विषय? पराक्रम नाही, विजय नाही. धान्य किती दिलं, दारू किती दिली, कुणाला दिली. शुद्ध कोठारखात्याचा हिशेब! पण आमच्या मते पर्सेपोलिसमधली सर्वांत मौल्यवान वस्तू हीच.

त्यांतून कळतं की कामावर बाबिलोनी होते, इजिप्शियन होते, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक आणि लिसियन होते. मजुरी रोख नव्हती, शिधा मिळायचा. साध्या मजुराला महिन्याला साधारण ३० लिटर जव. बायकाही मोठ्या संख्येनं कामावर होत्या, आणि काही पथकांच्या मुकादम बायका होत्या, त्यांना शिधाही भरपूर. बाळंत झालेल्या बाईला जादा शिधा मिळायचा. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. अडीच हजार वर्षांपूर्वीची नोंद आहे ही, आणि ऐकताना परकी वाटत नाही, हेच जरा टोचतं. यांतले किती मजूर स्वखुशीनं आले होते आणि किती आणले गेले होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण हे लोक चौथऱ्यावर राहत नव्हते. त्यांची वस्ती खाली, मैदानात होती. खरं शहर तेच, आणि कच्च्या विटांचं असल्यानं डोळ्यांना ते जवळजवळ दिसतच नाही.

रोमकडे जाण्याआधी मध्ये एक थांबा घेऊ या, कारण ही दोन जगं एका जागी अक्षरशः एकमेकांत मिसळली. पर्सेपोलिस जळून जवळजवळ सहा शतकं झाल्यावर, इ.स. २६० मध्ये, सासानी सम्राट पहिल्या शापूरनं रोमचा बादशहा व्हॅलेरियन याला जिवंत पकडलं. रोमच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं. शापूरनं हजारो कैदी नेले आणि आपल्या मुलखात वसवले. हे त्यानं स्वतःच्या शिलालेखात सांगितलंय. त्यानं फार्समध्ये बिशापूर नावाचं शहर उभारलं. आधीची इराणी राजनगरी गोर ही वर्तुळाकार होती, गाडीच्या चाकासारखी. बिशापूरचे रस्ते मात्र काटकोनात, ग्रीक-रोमन धाटणीचे. महालाच्या फरशीवर रंगीत दगडांचं जडावकाम, मोझेक, तेही रोमन पद्धतीचं. कारागीर कुठले असावेत, याचा अंदाज तुम्हीच करा. शहराजवळच्या कड्यावर शापूरचा विजय कोरलाय. गावात त्यांची कला आणि कड्यावर त्यांचा पराभव.

आता रोम. ऑगस्टसच्या काळात लोकसंख्या सुमारे १० लाख, असा बहुतेक इतिहासकारांचा अंदाज आहे. ही माणसं राहत कुठे होती? श्रीमंतांचे बंगले होते, पण थोडे. बाकीचे राहायचे इन्सुला नावाच्या बहुमजली इमारतींत. मराठीत सरळ चाळ म्हणा. तळमजल्यावर दुकानं, वर भाड्याच्या खोल्या. जितकं वर जावं तितकी खोली लहान आणि भाडेकरू गरीब. आपल्याकडे वरचा मजला महाग, तिथे उलटं, कारण लिफ्ट नाही, वर पाणी चढत नाही, आणि आग लागली तर वरचा माणूस सर्वांत शेवटी सुटणार. इमारती कोसळायच्याही. मालक वाढवत न्यायचे, म्हणून ऑगस्टसनं ७० रोमन फुटांची मर्यादा घातली. ट्रेजननं ती ६० वर आणली. एकच नियम पुन्हा, आणखी कडक करून आणावा लागतो तेव्हा पहिला कितपत पाळला गेला, ते कळतंच.

इ.स. ६४ ची आग तुम्हाला नीरोमुळे माहीत असेल. शहराच्या १४ विभागांपैकी ३ पूर्ण बेचिराख झाले, ७ ची दुर्दशा झाली, ४ वाचले. ऑगस्टसनं इ.स. ६ मध्येच अग्निशमनासाठी खास दल उभारलेलं असूनही ही गत. नंतर रुंद रस्ते, पुढे ओसऱ्या, दोन इमारतींना सामाईक भिंत नको, असे नियम आले.

आवाजाचं काय? ज्युलियस सीझरच्या काळापासून मालाच्या गाड्यांना दिवसा शहरात बहुतेक बंदी होती, मग त्या रात्री खडखडत यायच्या. झोप ही पैसेवाल्यांची चैन, अशी तक्रार कवी जुव्हेनल करतो. जलवाहिन्या मात्र खरोखर थक्क करणाऱ्या. तिसऱ्या शतकापर्यंत अकरा झाल्या. पण ते पाणी मुख्यतः सार्वजनिक हौदांत, स्नानगृहांत आणि परवानगी मिळालेल्या घरांत. चौथ्या मजल्यावरची बाई घागर घेऊन खालीच यायची.

यातलं काही आज दिसतं का? थोडं दिसतं. कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी, पर्यटकांच्या अगदी वाटेवर, अशी एक इन्सुला अर्धवट उभी आहे. मुसोलिनीच्या काळात तिथलं जुनं चर्च पाडताना ती उघडी झाली. बहुतेक लोक वरच्या संगमरवराकडे बघत पुढे जातात. नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंच टेकडी आहे. ती सगळी फुटक्या मडक्यांची आहे. स्पेनमधून आणि उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्ह तेल ज्या रांजणांतून यायचं, ते रिकामे झाल्यावर फोडून तिथे टाकले जायचे. शहर किती तेल खायचं, याची अशी पावती दुसऱ्या कुठल्याही स्मारकात नाही. आणि माल किती लांबून यायचा ते बघायचं तर पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ती भारतीय बनावटीची. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या आणि तेरच्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. दख्खनशी धागा जुळतो तो असा.

शेवटी एक नकाशा. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, रोमचा नकाशा १५० संगमरवरी पाट्यांवर कोरून एका भिंतीवर बसवला होता. रुंदी सुमारे १८ मीटर, उंची १३. पुढे लोकांनी तो फोडून चुन्यासाठी आणि बांधकामासाठी नेला. आज साधारण दहावा हिस्सा उरलाय, तोही तुकड्यातुकड्यांत. मंदिरं त्यात आहेतच, पण एकेक दुकान, एकेक अंगणही आहे. खोल्यांच्या रांगांमध्ये लहान लहान त्रिकोण कोरलेले दिसतात. ते जिने आहेत, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचे. पडद्यावर आता त्यातला एक तुकडा लावतो. तुम्ही त्रिकोण शोधा, तोवर आम्ही तुमचे प्रश्न घेतो.