विश्लेषण : रीमॅप केलेल्या टर्बो गाडीला परवडणारा क्लच कोणता?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. मुरबाडकडून येताना माळशेज घाट चढावा लागतो, तर संगमनेरच्या वाटेवर चंदनापुरीचा घाट आहे. इंजिनचे सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे ‘रीमॅप’ करून ताकद वाढवलेल्या टर्बो गाडीचा क्लच अशाच चढांवर घसरू लागतो. मग प्रश्न येतो, कमी खर्चात टिकणारा क्लच कोणता?

ताकद वाढली की क्लचच का घसरतो?

इंजिनची पिळण्याची ताकद, म्हणजेच टॉर्क, केवळ घर्षणाच्या जोरावर गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. क्लच किती टॉर्क पेलेल, हे तीन गोष्टींवर ठरते : प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगची पकड आणि प्लेटचा व्यास. रीमॅपमध्ये यांपैकी काहीच बदलत नाही. वाढतो तो फक्त टॉर्क. टर्बो गाडीत तो कमी फेऱ्यांवरच एकदम येतो. मारुती स्विफ्टचे जुने १.३ लिटर डिझेल इंजिन २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क देते. रीमॅपनंतर तो २५ टक्क्यांनी वाढला असे धरले, तर आकडा २३७ च्या पुढे जातो.

घसरण कशी ओळखायची?

मोकळ्या चढावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, १८०० ते २००० आरपीएमच्या आसपास अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा उडी घेतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे. जळकट वास आला तर लगेच थांबावे; ही चाचणी पुन:पुन्हा केल्यास उरलेली प्लेटही जळते. मात्र खर्च करण्यापूर्वी केबलला पुरेशी ढील आहे का आणि क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर येते का, हे पाहावे. तेलकट प्लेट कितीही महागडी असली तरी घसरतेच.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय कंपनीच्या मूळ मापाचा नवा संच. वाहनांचे क्लच साधारण इंजिनच्या टॉर्कपेक्षा २० ते ५० टक्के जास्त पेलतील असे बनवतात. त्यामुळे लाखभर किलोमीटर चाललेला क्लच घसरला, म्हणजे मूळ क्लच कमी पडला, असे नाही. माफक रीमॅपला नवा मूळ संच अनेकदा पुरतो. दुसरा, जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि साधी ऑर्गॅनिक प्लेट. पेडल थोडे जड होते. पण गाडी हळुवार उचलते. रोजच्या वापराला हा मध्यममार्ग बरा. तिसरा, ट्रॅक्टरला बसते तशी सिरॅमिक बटन प्लेट. ती उष्णता आणि टॉर्क भरपूर पेलते. पण झटक्यात पकडते, फ्लायव्हील लवकर खाते आणि चाकणच्या कोंडीत पाय व डोके दोन्ही दुखवते. जुन्या प्लेटला नवे लायनिंग ठोकून घेणे सर्वांत स्वस्त. पण प्रेशर प्लेटची थकलेली स्प्रिंग त्याने सुधारत नाही.

खर्च कुठे वाचतो?

क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते. म्हणून तो एकदाच उतरेल असे पाहावे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलावे. सील गळत असेल तर तेही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर त्याचा पृष्ठभाग तपासून घ्यावा. काही गाड्यांत दोन भागांचे, ड्युअल मास फ्लायव्हील असते. ते महाग म्हणून एकसंध फ्लायव्हील बसवले, तर थरथर आणि गिअरबॉक्सवरचा ताण वाढतो. बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण ताकद देऊ नये. चढावर हाफ क्लचवर गाडी रोखून धरण्याची सवय सोडली नाही, तर कोणताही संच टिकत नाही.

क्लच न बदलता उपाय आहे का?

क्लच अजून जळालेला नसेल तर आहे. रीमॅप करणाऱ्याकडून कमी फेऱ्यांवरचा टॉर्क मर्यादित करून घेता येतो. ताकद म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. त्यामुळे वरच्या फेऱ्यांवरची ताकद बरीचशी टिकते आणि क्लचवरचा सर्वांत मोठा भार उतरतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी तफावत येईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ मापाचा क्लच ही दुरुस्ती आहे. इंजिनची ताकद बदलणारे रीमॅप मात्र या कलमाच्या कक्षेत येऊ शकते. अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याचा धोकाही उरतो. क्लचच्या खर्चाचा हिशेब करताना हा धोकाही धरायला हवा.