मंद आचेवरच्या शेंगा

अमेरिकेच्या दक्षिणेत, व्हर्जिनिया-केंटकीपासून खाली जॉर्जिया-अलाबामापर्यंतच्या घरांत फरसबी दीड-दोन तास शिजते. जाड बुडाच्या पातेल्यात आधी बेकनची चरबी सुटू देतात, तिच्यात कांदा परततात, मग हाताने मोडलेल्या शेंगा आणि त्या बुडतील न बुडतील एवढे पाणी घालतात. झाकण तिरपे ठेवतात आणि आच अगदी मंद करतात. शेवटी शेंगांचा हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो, पाणी आटून दाट, खारट, धुराच्या वासाचा रस्सा उरतो आणि शेंग जिभेनेही दाबली जाते.

या पदार्थाने गेल्या अर्धशतकात बरीच हेटाळणी सोसली आहे. 1973 साली गो आणि मियो या फ्रेंच समीक्षकांनी नव्या पाककलेचे दहा नियम मांडले. पदार्थ जास्त शिजवू नका, हा आग्रह त्यांत ठळक होता. पुढे अमेरिकेतल्या उंची उपाहारगृहांत चार मिनिटे उकळून बर्फाच्या पाण्यात टाकलेली, दाताखाली करकरणारी हिरवीगार फरसबी रूढ झाली. दक्षिणेकडची फरसबी मग अडाणीपणाची, सत्त्व घालवणाऱ्या स्वयंपाकाची खूण ठरली. हा निवाडा मला साफ चुकीचा वाटतो. त्या शेंगा इतका वेळ शिजत, कारण त्या वेगळ्या होत्या. हे समजून घ्यायचे तर चुलीपासून उठून शेतात जावे लागते.

फरसबी, राजमा आणि आपल्याकडचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच वनस्पतीची रूपे. जंगली वेलाला माणसाने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवले, एकदा मेक्सिकोत आणि एकदा अँडीज पर्वतात. तिथून हे बी हातोहात उत्तरेकडे गेले. युरोपीय लोक अमेरिकेत पोचले तेव्हा हॉडेनोशोनी, चेरोकी आणि इतर अनेक मूलनिवासी समाज मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावत होते. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे आणि भोपळ्याची पाने खालची जमीन झाकून ओल धरत. या तीन पिकांना हॉडेनोशोनी लोक तीन बहिणी म्हणतात. अ‍ॅपलेशियन डोंगरात आलेल्या स्कॉट-आयरिश आणि जर्मन शेतकऱ्यांनीही ही पद्धत उचलली. मक्यावर चढणाऱ्या वाणांना तिथे आजही ‘कॉर्नफील्ड बीन’ म्हणतात.

यातले एक बी फार मोठा इतिहास वागवते. 1838-39 मध्ये अमेरिकी सरकारने चेरोकी लोकांना जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना इथल्या त्यांच्या भूमीतून हाकलून आजच्या ओक्लाहोमात नेले. अश्रूंची वाट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रवासात थंडीने, उपासमारीने आणि रोगांनी मेलेल्यांचा आकडा सर्वसाधारणपणे 4,000 सांगितला जातो. त्या लोकांनी सोबत नेलेला काळ्या बियांचा घेवडा ओक्लाहोमातले चेरोकी वंशाचे डॉ. जॉन वाइश यांच्याकडे टिकून होता. 1977 साली त्यांनी ते बी ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या बीजरक्षक संस्थेकडे सोपवले. आज कुणालाही ते विकत घेऊन लावता येते. सगळे मागे टाकून जाताना माणसे बियांची पुरचुंडी बरोबर घेतात, ही गोष्ट मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते.

पातेल्यातली दुसरी वस्तू, डुक्कर, समुद्रापलीकडून आली. 1539 साली स्पॅनिश सरदार एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याच्या काफिल्याबरोबर डुकरे होती. दक्षिणेच्या रानांत ओक आणि हिकरीची फळे मुबलक होती. कान कापून खूण केलेली डुकरे तिथे मोकळी चरत आणि वर्षाअखेरीस धरून आणली जात. डुकरे पहिल्या कडाक्याच्या थंडीत कापत, कारण मीठ आतपर्यंत मुरेतो मांस टिकवायचे ते हवेच्या गारठ्यावरच. मग खारवलेल्या तुकड्यांना धुराच्या खोलीत हिकरीच्या लाकडाची धुरी मिळे. त्या काळी बेकन म्हणजे आजच्यासारखी पोटाची पातळ कापेच नव्हेत, खारवून धुरी दिलेल्या कुठल्याही तुकड्याला बेकन म्हणत. हे मांस पुढचा हंगाम येईपर्यंत पुरवायचे असे. म्हणून पातेल्यात एखादाच तुकडा पडे, आणि तोही भाजीला चव यावी म्हणून.

गरिबीत हा हिशेब आणखी कठोर होता. मेरीलँडमधल्या मळ्यावर गुलाम म्हणून वाढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मचरित्रात महिन्याचा शिधा नोंदवला आहे. प्रौढ माणसाला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढीच मासळी, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे दिवसाला जेमतेम 120 ग्रॅम, आणि तेही उन्हातल्या ढोरमेहनतीवर. जिथे परवानगी मिळे तिथे गुलाम कुटुंबे झोपडीमागे भाजीपाला लावत. भाजी, मांसाचा लहानसा तुकडा आणि भरपूर पाणी एकत्र मंद शिजवून तो रस्सा पिठाच्या पदार्थाबरोबर खायचा, ही पश्चिम आफ्रिकेची जुनी रीत त्यांना ठाऊक होतीच. मालकांच्या स्वयंपाकघरांतही चुलीपाशी बहुधा याच बायका उभ्या असत. 1824 साली निघालेल्या मेरी रँडॉल्फ यांच्या ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ या पुस्तकात सलगमची पाने बेकनबरोबर शिजवण्याला व्हर्जिनियाची पद्धत म्हटले आहे. ती रुजवणाऱ्या हातांची नावे मात्र त्या पुस्तकात नाहीत.

तळाशी उरणारा रस्सा ‘पॉटलिकर’ या नावाने ओळखला जातो आणि दक्षिणेत तो सांडून देणे पाप मानतात. शिजताना पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे आणि क्षार त्यात असतात. पाणी फेकले नाही तर ते फुकट जात नाहीत, म्हणजे सत्त्व घालवण्याचा आरोप इथेच निम्मा गळून पडतो. 1931 साली लुइझियानाचे नेते ह्यूई लाँग आणि ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ हे वृत्तपत्र यांच्यात एक जाहीर वाद रंगला. मक्याची भाकरी पॉटलिकरमध्ये बुडवून खावी की कुस्करून, असा प्रश्न होता. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही त्यात भाग घेतला. मंदीने पिचलेल्या लोकांचे पोट ज्यावर भरत होते, त्या रश्श्यावर पुढाऱ्यांनी जाहीर बोलावे, यातच त्याची जागा कळते.

आता शेंगेकडे वळू. जुन्या वाणांच्या शेंगेला दोन्ही कडांनी जाड शीर असते. आपण फरसबी निवडताना तिची टोके खुडतो, तिथे ही शीर टोकापासून ओढून पूर्ण काढावी लागे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरातली सगळी माणसे ओसरीवर बसून ढीगभर शेंगा अशा निवडत. आणि महत्त्वाचे म्हणजे ती शेंग कोवळी तोडतच नसत. आतला दाणा टपोरा होऊन बाहेरून उठून दिसू लागला की मग तोडत. भाजी आणि कडधान्य दोन्ही त्या एका शेंगेत असे. असा दाणा चार मिनिटांत कसा शिजेल? तो पिठूळ, लोण्यासारखा व्हायला तास-दीड तास हवाच.

1894 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ली रॉय गावच्या कॅल्व्हिन कीनी यांनी शीर नसलेला वाण तयार केला आणि बर्पी कंपनीने तो बाजारात आणला. त्याने बायकांचे कष्ट वाचवले, हे मान्यच करायला हवे. नंतर यंत्राने तोडणी सुरू झाली, तेव्हा यंत्राचा मार आणि लांबचा प्रवास सोसणारी चिवट सालाची शेंग हवी झाली. केंटकीतल्या बेरिया इथले बिल बेस्ट यांनी अ‍ॅपलेशियन घेवड्याचे शेकडो वाण जमवले आणि 2013 च्या ‘सेव्हिंग सीड्स, प्रिझर्व्हिंग टेस्ट’ या पुस्तकात त्यांची कहाणी सांगितली. त्यांचे म्हणणे असे, की बाजारातली शेंग दाणा भरण्याआधीच चिवट होते, म्हणून ती कोवळी तोडावी लागते. जुन्या वाणांची शेंग दाणा भरला तरी मऊ राहते. दोन तास शिजवण्याची रीत या दुसऱ्या शेंगेची आहे. शेंग बदलली आणि बोल मात्र स्वयंपाकाला लागला.

त्या वाणांची नावेही गोड आहेत. लव नसल्याने चकाकणारी ती ‘ग्रीझी बीन’. अर्धाच पसरणाऱ्या वेलाची ती ‘हाफ रनर’. शिकार केलेल्या टर्कीच्या अन्नपिशवीत जिचे बी सापडले असे सांगतात, ती ‘टर्की क्रॉ’. हिवाळ्यासाठी अख्ख्या शेंगा सुईदोऱ्यात ओवून चुलीजवळ वाळवत. त्या सुकड्या शेंगांना ‘लेदर ब्रिचेस’, म्हणजे चामडी विजारी म्हणत. रात्रभर भिजवून खारवलेल्या मांसाबरोबर त्या कित्येक तास शिजवत आणि त्यांना ताज्या शेंगेत नसलेला एक गडद स्वाद येई. पुढे काचेच्या बरण्या आल्या. शेंगांत आंबटपणा कमी असल्याने बॉट्युलिझमचे जंतू साध्या उकळीला दाद देत नाहीत, त्यामुळे भरलेली बरणी प्रेशर कॅनरमध्येच तापवावी लागते. हा नियम आजही मोडू नये.

घरी करायचे तर किलोभर शेंगांना दीड-दोनशे ग्रॅम बेकन पुरते, जाड कापाचे आणि खरोखर धुरी दिलेले. बेकनचे तुकडे थंड पातेल्यात घालून मगच आच सुरू करावी. आधीच तापलेल्या भांड्यात मांस आखडते आणि चरबी आत राहते. चरबी सुटली की जाड चिरलेला कांदा त्यात पारदर्शक होऊ द्यावा, मग शेंगा घालून त्यांना तकाकी येईपर्यंत हलवाव्यात. धुराच्या वासाचे बरेचसे घटक चरबीत विरघळणारे असतात आणि तीच चरबी तो वास प्रत्येक शेंगेपर्यंत नेते. पाणी घालावे, पण मीठ शेवटी, कारण बेकनचे मीठ हळूहळू उतरत राहते.

आंबट काही आधी घालू नये. शेंगेच्या पेशींना जोडणारे पेक्टिन आम्लात लवकर विरघळत नाही आणि शेंग तासभर शिजूनही टणक राहते. व्हिनेगर ताटात घ्यावे. हिरवा रंग राखायला चिमूटभर सोडा टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. सोड्याने रंग टिकतो, पण शेंगेचा लगदा होतो आणि ब जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो. उष्णतेने आणि शेंगेतल्याच आम्लाने हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते, म्हणून रंग शेवाळी होतो. त्यात बिघडलेले काही नाही. शेवटची वीस-पंचवीस मिनिटे लहान नवे बटाटे वर ठेवतात, ते रस्सा पितात. सोबत लोखंडी तव्यातला बिनसाखरेचा कॉर्नब्रेड, टोमॅटोचे काप आणि कच्चा कांदा. ऑगस्ट महिन्यात डोंगराळ भागात हे पूर्ण जेवण असते. व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन या मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या गावात 1916 साली जन्मलेल्या एडना लुइस यांनी असे साधे जेवण ऋतूंच्या क्रमाने लिहून ठेवले. त्यांचे 1976 चे ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’ हे पुस्तक दक्षिणेच्या स्वयंपाकाबद्दल कुणाला वाचायचे असेल तर मी सर्वांत आधी हातात देईन.

आजच्या दक्षिणेत बेकनऐवजी धुरी दिलेली टर्की घालणारी घरे पुष्कळ आहेत, कुणी रक्तदाबासाठी, कुणी धर्मासाठी. पदार्थाला त्याने बाध येत नाही. शाकाहारी घरात धुरावलेली मिरचीपूड आणि चांगले तेल वापरून भाजी रुचकर होईल, पण तिला वेगळी भाजी म्हणावे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत चोरिसाचे तुकडे घालून शिजवलेली फेजोआद ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना थोड्या खारवलेल्या मांसावर दाण्यांचे मोठे भांडे कसे तरते हे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या बाजारातल्या कोवळ्या, बारीक फरसबीवर मात्र हा प्रयोग करू नये. तिला आपली मोहरीची फोडणी आणि ओले खोबरेच शोभते. जुने वाण मात्र आपल्याकडेही जपले जातात. साताऱ्याच्या कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. बिल बेस्ट यांनी केंटकीत केले तेच काम राहीबाईंनी सह्याद्रीत केले आहे.

अटलांटा, शार्लट, रॅले, नॅशव्हिल इथे आता बरीच मराठी घरे आहेत. तिथे राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. जुलैअखेरीपासून शेतकऱ्यांच्या बाजारात हाफ रनर किंवा ग्रीझी बीन मिळू लागते. सुपरमार्केटची पिशवी सोडून ती टपोऱ्या दाण्याची शेंग मागा, महाग असली तरी घ्या, शिरा काढा आणि दोन तास द्या. अंगण असेल तर चार शेंगा वेलावर वाळू द्या आणि पुढच्या वर्षी ते बी लावा.