ग्राहकाची सनद : लेखांक ७ – सराफाचा काटा आणि सराफाचा हिशेब

किराणा बाजारातील वजने-मापे यांचा परामर्श मागील लेखांकात घेतल्यावर, ज्या खरेदीत आपली माणसे वर्षानुवर्षांची शिल्लक एका बैठकीत मोकळी करतात आणि तरीही प्रश्न विचारणे अप्रशस्त मानतात, त्या सोन्याच्या खरेदीकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

सोन्यातील लबाडी म्हणजे हिणकस धातूची भेसळ, हा समज पिढ्यानपिढ्या दृढ झालेला आहे आणि एके काळी तो यथार्थही होता. परंतु १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून, सक्तीच्या जिल्ह्यांत, सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक म्हणजे एचयूआयडी दागिन्यावर कोरलेला असणे बंधनकारक ठरले. भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा अंक (बावीस कॅरटसाठी ९१६) आणि हा क्रमांक या तिन्ही खुणा सराफाकडून भिंग मागून स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घातला असता सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. हातात पाटली असून पडद्यावर अंगठी उमटली, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. दोन ग्रॅमांहून हलके जिन्नस, तसेच कुंदन, पोलकी व जडाऊ काम या सक्तीतून वगळलेले असल्याने तेथे अधिक चौकस राहावे लागते.

कस अशा रीतीने पारखता येऊ लागल्यामुळे फसवणुकीने आपले ठाणे धातूतून हलवून हिशेबात मांडले आहे, आणि माझ्या मते आजच्या ग्राहकाचे बहुतांश नुकसान तेथेच होते. कोल्हापुरी साज किंवा बोरमाळ घ्या. त्यांच्या पोकळ घडणीत लाख भरलेली असते, कित्येक दागिन्यांत खडे बसवलेले असतात, आणि काट्यावर ठेवलेला दागिना हे सारे आपल्यासह तोलून देतो. समजा, साज ४० ग्रॅम भरला, त्यात लाख व खडे मिळून ६ ग्रॅम आहेत आणि बावीस कॅरटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये आहे. पूर्ण वजनावर आकारणी झाली, तर लाखेचे आणि काचेचे ६०,००० रुपये सोन्याच्या भावाने गेले. त्यावर शेकडा १२ मजुरी म्हणजे ७,२०० रुपये, आणि या बेरजेवर शेकडा ३ जीएसटी म्हणजे आणखी २,०१६ रुपये. एकूण ६९,२१६ रुपये देऊन घरी आणलेला हा ऐवज पुढे मोडीत देण्याचा प्रसंग आला, की तोच काउंटर लाख व खडे काटेकोरपणे वजा करतो. म्हणून एकूण वजन आणि सोन्याचे निव्वळ वजन हे दोन्ही आकडे, आणि तेही ग्रॅममध्ये, आधी वदवून घ्यावेत. कारण बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम असा प्रघात पडलेला असला, तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनातला जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमांचा आहे.

फलकावरचा चोवीस कॅरटचा दर बावीस कॅरटच्या दागिन्याला लावलेला नाही ना, आणि मजुरीखेरीज ‘घट’ म्हणून वेगळी रक्कम धरलेली असल्यास ती कशाची, हेही विचारावे.

परंतु या सगळ्या दक्षतेवर पाणी पडते ते ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ या गोड वाक्याने. शेकडा तीन वाचवण्याच्या मोहाने ग्राहक कच्च्या चिठ्ठीवर रक्कम मोजतो, आणि आपल्या हक्काचा एकमेव दस्तऐवज स्वखुशीने सोडून देतो. पक्क्या बिलावर प्रत्येक जिनसाचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरट व शुद्धता आणि हॉलमार्कचा आकार स्वतंत्रपणे नोंदलेला असला पाहिजे. हॉलमार्क असलेला दागिना नोंदीपेक्षा कमी कसाचा निघाला, तर २०१८ च्या मानक ब्यूरो नियमांप्रमाणे कमी भरलेल्या शुद्धतेच्या किमतीची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकास मिळू शकतो. मात्र बिलाच्या अभावी, दागिना त्याच पेढीवरून घेतला हेच शाबीत करणे दुरापास्त होते.

सराफ दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. कसाविषयी वाद असेल तर मानक ब्यूरोकडेही अर्ज करता येतो. तेवढ्याने निकाल लागला नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे फिर्याद दाखल करावी. मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही. आणि सराफाची पेढी परगावी असली, तरी फिर्यादीस आपण राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो.