खोक्यावरचा आकडा, खोक्यातला रंग

कॅमेऱ्याच्या खोक्यावर जो आकडा सगळ्यात ठळक छापतात, तो आतल्या यंत्राबद्दल सगळ्यात कमी सांगतो. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे वीस वर्षांपूर्वी खरं होतं आणि आज पुन्हा सांगायची वेळ आली आहे. कारण हे कॅमेरे संपले असं सगळ्यांनी धरून चालल्यावर कॉलेजातली मुलं ते परत विकत घेऊ लागली आहेत. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी बाहेर पडले. त्यातले बहुतेक खिशात मावणारे. पुढे मोबाइलमधला कॅमेरा सुधारला आणि २०२३ पर्यंत लहानमोठे सगळे प्रकार धरूनही हा आकडा ८० लाखांच्या खाली आला. याच बसलेल्या बाजारात आता जुन्या ‘डिजिकॅम’ची विचारणा होते आहे. कॅननने तर २०१६ सालचा आपला इक्सस २८५ एचएस किरकोळ फेरफार करून २०२५ मध्ये पुन्हा विक्रीला काढला. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा दिल्लीच्या चांदणी चौकात गिऱ्हाइकांचे दोन प्रश्न ठरलेले: मेगापिक्सेल किती, आणि सीसीडी आहे ना? दोन्ही प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतात.

आधी सेन्सरच्या आकाराचं बघू, कारण चित्राचा दर्जा तिथे ठरतो. स्वस्त कॉम्पॅक्टच्या माहितीपत्रकात ‘१/२.५ इंच’ किंवा ‘१/२.३ इंच’ असं लिहिलेलं असतं. हे माप टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या काचनळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं आहे आणि प्रत्यक्ष सेन्सरशी त्याचा सरळ संबंध नाही. १/२.५ इंची सेन्सर खरा भरतो साधारण ५.८ बाय ४.३ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. त्याचं क्षेत्रफळ २५ चौरस मिलिमीटर. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीचं ८६४. लेन्स कितीही चांगली असो, इतक्याशा जागेवर प्रकाश पडून पडणार किती? त्या जागेचे साठ लाख तुकडे करा नाहीतर दोन कोटी, एकूण प्रकाश तेवढाच राहतो. प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला मात्र कमी येतो. उरलेली तूट कॅमेरा विजेने वाढवून भरून काढतो आणि त्याबरोबर दाणे, ठिपके, रंगीत डागही वाढतात. त्यालाच आपण नॉइज म्हणतो.

या गणिताचं उत्तम उदाहरण फुजीच्या घरातलं आहे. २००६ साली फुजीने फाइनपिक्स एफ३० काढला: ६.३ मेगापिक्सेल, सेन्सर १/१.७ इंच, म्हणजे सुमारे ४३ चौरस मिलिमीटर. त्या काळात बाकीचे कॉम्पॅक्ट आयएसओ ४००लाच धापा टाकायचे, तिथे हा ८००वर वापरण्याजोगं चित्र देत असे. त्याच वर्षी चेहरा ओळखणारा एफ३१एफडी आला. आणि मग पुढच्याच वर्षी, २००७मध्ये, त्याच मालिकेतला एफ५०एफडी १२ मेगापिक्सेलचा निघाला. अंधारातल्या कामगिरीत तो आपल्या थोरल्या भावंडांच्या मागे पडला. खोक्यावर १२ दिसल्याशिवाय दुकानात माल हलत नव्हता, त्याला फुजी तरी काय करणार! अखेर माघार घेतली ती कॅननने. २००८चा पॉवरशॉट जी१० १४.७ मेगापिक्सेलचा होता. २००९चा जी११ दहाचा. सेन्सरचा आकार तसाच ठेवून पिक्सेल कमी केले आणि ती सुधारणा म्हणून जाहीर केली. पण जी मालिका काही गरिबांची नव्हे. स्वस्त कॅमेऱ्यांत आकड्यांची चढाओढ तशीच चालू राहिली आणि २०१४च्या सोनी सायबरशॉट डब्ल्यू८००मध्ये १/२.३ इंची सेन्सरवर २०.१ मेगापिक्सेल येऊन बसले. एफ३०शी ताडून पाहा: एकेका पिक्सेलची जागा जवळजवळ पाचपटीने घटलेली. आणि हवेत कशाला इतके? पोस्टकार्ड साइजचा, म्हणजे ४ बाय ६ इंचांचा, उत्तम प्रिंट काढायला जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा भरायला सव्वाआठ.

आता सीसीडी, म्हणजे सेन्सरचाच एक जुना प्रकार. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत त्याची कल्पना मांडली आणि त्याबद्दल २००९चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्यांना मिळालं. शोध मोठाच. पण ‘सीसीडीचे रंग फिल्मसारखे असतात’ हे जे आज सांगितलं जातं त्यात तथ्य फारसं नाही. सीसीडी काय किंवा नंतर आलेला सीमॉस काय, दोन्ही मुळात रंगांधळे. त्यांना फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. रंग येतो तो वर बसवलेल्या बारीक गाळणीतून. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना या गाळणीचं पेटंट १९७६ साली मिळालं: दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लाल टिपणारे ठिपके फक्त तीस लाख असतात, निळे तेवढेच, आणि बाकीचा रंग कॅमेऱ्यातली चिप शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरते. गाळणीतले रंग कोणते निवडले आणि चिपने अंदाज कसा बांधला, यावर चित्राची छटा ठरते. जुन्या डिजिकॅमची म्हणून जी ओळख आज मुलांना भुरळ घालते, ती आली आहे समोरून थेट मारलेल्या फ्लॅशमुळे, पांढराफटक पडलेल्या उजेडामुळे आणि चढ्या कॉन्ट्रास्टमुळे. मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक चित्रं घेऊन ती एकजीव करतो, सावल्या उजळतो, आकाश सावरतो. जुना कॅमेरा यातलं काहीच करत नाही. त्याचं ते साधेपण आवडत असेल तर खुशाल आवडू दे, पण त्याचं श्रेय सीसीडीला नको.

रंगांच्या बाबतीत प्रत्येक कंपनीचं आपलं एक मत असतं आणि स्वस्त कॅमेऱ्यात ते मत तुमच्या गळ्यात कायमचं पडतं. महागड्या कॅमेऱ्यात रॉ फाइल मिळते, रंग घरी बसून ठरवता येतो. इथे मिळतं जेपेग: चित्र शिजवून, वाढून, उरलेलं सामान फेकून दिलेलं. म्हणून मेन्यूतली रंगाची ओळ क्लिक करण्याआधी वाचायची असते.

कॅननच्या ए मालिकेत या सोयीचं नाव ‘माय कलर्स’. २००७चा ए५७० आयएस घ्या: दोन पेन्सिल सेलवर चालणारा, ७.१ मेगापिक्सेल, हात हलला तर सावरणारी लेन्स. त्यात व्हिव्हिड, न्यूट्रल, सेपिया, काळंपांढरं यांच्या जोडीला ‘पॉझिटिव्ह फिल्म’ आहे, निळा-हिरवा-लाल वेगवेगळा गडद करायची सोय आहे आणि ‘लायटर स्किन टोन’, ‘डार्कर स्किन टोन’ असे दोन पर्यायही. आपल्याकडे यातलं पहिलं बटण कोणी शिकवल्याशिवाय सापडतं! फिल्मच्या जमान्यात कोडॅक छपाईचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड पाठवत असे, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यांवर अन्याय व्हायचा. डिजिटलमध्ये तो अन्याय आपण स्वतःच्या अंगठ्याने करतो. पण या यादीतला खरा कामाचा पर्याय शेवटचा आहे, ‘कस्टम कलर’. कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, सॅच्युरेशन, तिन्ही मूळ रंग आणि त्वचेची छटा, सगळं आपल्या हाताने वरखाली करता येतं. या किमतीच्या कॅमेऱ्यात इतकं स्वातंत्र्य इतरांनी क्वचितच दिलं.

निकॉनच्या स्वस्त कूलपिक्समध्ये यादी छोटी: स्टँडर्ड, व्हिव्हिड, काळंपांढरं, सेपिया आणि सायनोटाइप. हे शेवटचं म्हणजे जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेल्या निळ्या छपाईची नक्कल. ते तिथे कशाला ठेवलं हे निकॉनच जाणे. सोनीच्या डब्ल्यू मालिकेत व्हिव्हिड आणि नॅचरल, म्हणजे भडक आणि सौम्य. फुजीने एफ३०मध्ये स्टँडर्ड, क्रोम आणि काळंपांढरं एवढ्यावर भागवलं, पण त्यातलं स्टँडर्डच इतकं तोललेलं आहे की क्रोमकडे जायची गरज पडत नाही. फिल्म बनवणाऱ्या घराण्याचा हात तिथे कळतो. कोडॅकने ईझीशेअर कॅमेरे ‘कलर सायन्स’च्या जाहिरातीवरच विकले आणि रंग खरोखर प्रसन्न येत, मात्र फेब्रुवारी २०१२मध्ये कंपनीने कॅमेऱ्यांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज दुकानात दिसणारे पिक्सप्रो कोडॅकचं नाव परवान्याने वापरणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचे आहेत. पॅनासॉनिकबद्दल एकच वाक्य पुरे: लेन्स छान, पण त्या वेळच्या स्वस्त मॉडेलांत नॉइज पुसताना बारकावेही पुसले जात.

बहुतेक ठिकाणी असलेला ‘व्हिव्हिड’ मात्र हॉटेलातल्या मिसळीच्या तर्रीसारखा आहे: रंग बघून तोंडाला पाणी सुटतं, आणि त्याखाली नेमकं काय आहे हे कळेनासं होतं.

याचा पडताळा घ्यायला आपल्या घरातल्याच तीन वस्तू पुरतात: झेंडूचं फूल, हळद-कुंकवाचा करंडा आणि जांभळी पैठणी. खिडकीशी, सावलीतल्या उजेडात त्या मांडून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी फोटो काढावा आणि कॉम्प्युटरवर पूर्ण आकारात बघावा. झेंडू सगळ्यांनाच जड जातो. स्टँडर्डवर पाकळ्यांच्या कडा दिसतात, व्हिव्हिडवर सगळं फूल एक सपाट केशरी गोळा होतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. झेंडूचा लाल अंश आधीच वरच्या पायरीवर असतो, त्याला आणखी ढकललं की सगळ्या पाकळ्या छताला जाऊन चिकटतात. गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर हे लक्षात येत नाही. कुंकवाचंही तसंच. उपाय सोपा आहे, एक्स्पोजर दोनतृतीयांश स्टॉपने खाली आणायचं. पैठणीची तऱ्हा वेगळी. जांभळ्याचा निळा करणं हा डिजिटल कॅमेऱ्यांचा जुना रोग आहे, कारण जांभळ्यातला तांबूसपणा आपल्या डोळ्याला जसा जाणवतो तसा गाळणीला जाणवत नाही. तिथे मेन्यूतला कोणताच रंग-पर्याय फारशी मदत करत नाही. साडी विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ‘फोटोत निळी होती’ म्हणून येणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं.

रंग बिघडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे व्हाइट बॅलन्स, आणि माझ्या मते ती माय कलर्स-व्हिव्हिड वगैरेंपेक्षा कितीतरी महत्त्वाची. हळदीचा कार्यक्रम आठवा. हॉलमध्ये पिवळे दिवे, एका बाजूला खिडकी, कोपऱ्यात ट्यूबलाइट, नवरीच्या अंगावर पिवळं पातळ आणि तोंडाला हळद. ऑटो व्हाइट बॅलन्स बिचारा एवढा पिवळा बघून घाबरतो आणि चित्रात निळा ओततो. हळद फिकी पडते आणि पांढरा सदरा निळसर होतो. वरून आणखी एक फटका बसतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा अंश मुळातच तुटपुंजा, तो कॅमेऱ्याने ओढूनताणून वाढवला की चेहऱ्याच्या सावलीत डाग उमटतात. घरात काढलेले फोटो गलिच्छ दिसतात त्याचं अर्धं कारण हे आहे. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांतही ‘कस्टम’ किंवा ‘प्रीसेट’ नावाची सोय असते. त्याच दिव्याखाली पांढरा कागद धरायचा, त्यावर कॅमेरा रोखून बटण दाबायचं, झालं. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीचं अर्ध्या मिनिटाचं काम. दिवाळीत पणत्यांच्या फोटोसाठी मात्र हे करू नये. तिथे ‘डेलाइट’ लावावा, म्हणजे ज्योतीचा पिवळा उबदार रंग जसाच्या तसा राहतो. कॅमेरा टेबलावर टेकवून सेल्फ टाइमर लावला तर आयएसओ ८० किंवा १००वर भागतं आणि नॉइजचा प्रश्नच मिटतो.

जुना घ्यायचा ठरवलाच असेल तर थोडं सावध राहा. २००५च्या शरदात सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमधला दोष उघड झाला; उष्ण-दमट हवेत त्यांची आतली जोडणी सुटे आणि चित्र काळं किंवा जांभळ्या रेघांचं येई. हे सीसीडी अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते. त्यामुळे साधारण २००२ ते २००४ दरम्यानचा माल असेल तर विकत घेण्याआधी फोटो काढूनच बघा. कोकणात राहणाऱ्यांनी तर तो न घेतलेलाच बरा. लेन्समध्ये तिरका उजेड पाडून बुरशीची जाळी आहे का तपासा. कार्ड कोणतं लागतं तेही विचारा: एफ३०ला एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक, आणि दोन्ही आता शोधत फिरावं लागतं.

माझा कौल असा. अंधारात आणि समारंभात वापरायला फुजी एफ३० किंवा एफ३१एफडी, कार्डासकट मिळाला तरच. शिकायला, रंग स्वतः ठरवायला आणि कुठेही मिळणाऱ्या सेलवर चालवायला कॅनन ए५७० आयएस किंवा त्याच्या पुढचा ए५९०. नव्यातला २० मेगापिक्सेलचा स्वस्त कॅमेरा घेणार असाल तर त्या पैशांत हातातला मोबाइल जास्त चांगली चित्रं देतो, हे समजून घ्या. झूम हवं असेल तरच घ्या. आणि या दिवाळीत कपाट आवरताना घरातलाच एखादा जुना कॅमेरा हाती लागला, तर आधी त्यातले सेल काढा. ते गळले असतील तर व्हिनेगरच्या बोळ्याने खाचा पुसा, नवे सेल घाला, तारीख लावा आणि रंगाची ओळ स्टँडर्डवर आणून ठेवा.