भरल्या कुंडीत उपाशी झाड

गच्चीवरची माती : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण कुंडी भरली : लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट, तिन्ही सारख्या मापाने. रोप लागलं, चार पानं फुटली की हमखास प्रश्न येतो, आता खत कोणतं घालू? बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या बाजारात दोन गच्चीवाले भेटले की बोलणं खतावरच जातं. पाण्याचा विषय कुणी काढत नाही, कारण पाणी घालणं सगळ्यांना येतंच असं आपण धरून चालतो. सेंद्रिय मातीतल्या कुंडीपुरतं तरी ते धरून चालू नये. तिथे पिवळी पडलेली बरीचशी झाडं खत कमी पडलं म्हणून पिवळी नसतात. पाणी चुकलेलं असतं, म्हणून ती उपाशी असतात.

जरा हिशेब मांडू. बारा इंची कुंडीत साधारण 15 लिटर मिश्रण बसतं. त्यातलं पाच लिटर गांडूळखत. ओलावा वजा केला तर कोरडं खत दोन किलोच्या आसपास, आणि त्यात दीड टक्का नत्र धरलं तर 30 ग्रॅम. तीन किलो टोमॅटो देणाऱ्या झाडाला पानाखोडासकट आठ-नऊ ग्रॅम नत्र पुरतं. म्हणजे गरजेच्या तिप्पट शिधा कुंडीत आधीच आहे. पण तो प्रथिनांत आणि ह्यूमसमध्ये बांधलेला आहे, मुळांना तसाच्या तसा उचलता येत नाही. आधी जिवाणू त्याचं अमोनियम करतात, मग वेगळ्या जातीचे जिवाणू अमोनियमचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890च्या सुमाराला हे जिवाणू वेगळे करून दाखवले. पहिल्या हंगामात गांडूळखतातलं दहा-वीस टक्केच नत्र असं मोकळं होतं, म्हणजे तीन ते सहा ग्रॅम. राहिलेली तूट पेंडीने भरायची. तिच्याकडे पुढे येऊ.

हे सगळं काम चालतं मातीच्या कणांभोवती असलेल्या पाण्याच्या पातळ थरात. तो थर आटला की जिवाणू थांबतात आणि नत्र अडकून राहतं. उलट, मातीतली पोकळी पाण्याने गच्च भरली तर प्राणवायू कोंडतो, कारण हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मग हवेवाचून जगणारे जिवाणू जोर धरतात आणि तयार झालेलं नायट्रेट वायू करून उडवून देतात. झाड दोन्हीकडून पिवळं पडतं. आपण खताची पिशवी उघडतो, आणखी घालतो, आणि पाणी तसंच चुकत राहतं.

बंगळुरात एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या सरी येतात, वळवाचाच प्रकार. पहिली सर पडून गेली की आठवड्याभरात गच्चीवरची झाडं अशी तरारतात की पावसाच्या पाण्यात काही वेगळंच सत्त्व असावं असं वाटतं. पावसाचं पाणी चांगलंच असतं, पण खरी गोष्ट मातीत घडलेली असते. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून 1958 साली दाखवून दिलं, की वाळलेली माती पुन्हा भिजली की जिवाणूंच्या कामाला एकदम उधाण येतं आणि अडकलेलं नत्र थोड्या दिवसांत मोकळं होतं. म्हणून काही जण कुंडी मुद्दाम वाळवून मग पाणी देतात. मला ते पटत नाही. मोकळ्या शेतात मुळं खोल जाऊन ओल शोधतात. कुंडीत शोधायला खाली काहीच नसतं, आणि त्या वाळण्यात बारीक मुळ्या मरतात, ज्या हे नत्र उचलणार असतात.

वाळलेल्या कुंडीची आणखी एक अडचण आहे, ती डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. लाल मातीचं मिश्रण सुकलं की आक्रसतं आणि कुंडीच्या कडेला नखाएवढी फट पडते. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि अर्ध्या मिनिटात ताटलीत येतं. पाणी पोचलं असं समजून आपण पुढच्या कुंडीकडे वळतो. अशी कुंडी उलटी करून पाहा : बाहेरून ओला, आतून खडखडीत कोरडा गोळा निघतो. उपाय सोपा आहे. फट बोटाने बुजवावी, अर्धं पाणी घालावं, पंधरा मिनिटं थांबावं आणि मग उरलेलं अर्धं द्यावं. खालच्या भोकातून पहिले थेंब आले की हात आवरावा. रासायनिक खतावरच्या बिनमातीच्या लागवडीत क्षार साचू नयेत म्हणून मुद्दाम पाणी वाहू देतात. आपल्याकडे तेच केलं तर झाडाचं अन्नच वाहून जातं. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. ताटलीत साचलेलं तपकिरी पाणी मोरीत ओतू नका, परत कुंडीत घाला.

पाणी कधी द्यायचं हे घड्याळावर ठरवू नये. बोट दोन पेरं आत घालावं. तिथे गारवा लागला तर आज पाणी नको. मोठी कुंडी असेल तर एका कडेने किंचित उचलून पाहावी, चार दिवसांत हाताला वजन कळू लागतं. मार्चच्या उन्हात फळांवर आलेला टोमॅटो दिवसाला लिटर-दीड लिटर पितो. जुलैत आभाळ भरलेलं असतं तेव्हा त्याच झाडाला अर्धंही लागत नाही. कुंडीवर दोन इंच वाळक्या पानांचं आच्छादन घातलं तर उन्हाळ्यातला फेरा एका दिवसाने लांबतो. मल्लेश्वरमच्या रस्त्यांवर करंज आणि पर्जन्यवृक्ष पानांचा सडा घालतातच. ती पानं पेटवली जाताना पाहिली की जीव हळहळतो.

पाणी येतं कुठून, हेही इथे सांगितलं पाहिजे. 1898च्या प्लेगनंतर मल्लेश्वरमची आखीव वसाहत उभी राहिली, तेव्हा शहराला हेसरघट्टच्या तलावाचं पाणी नुकतंच, 1896 साली, मिळू लागलं होतं. आज कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून नऊशे मीटरांपेक्षा उंचावरच्या या शहरात आणतात. मार्च 2024 मध्ये टंचाई एवढी झाली की जलमंडळाने बागेसाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. ती बंदी योग्यच होती असं मी मानते. ज्यांच्याकडे माणसांना प्यायला टँकर येतो, त्यांच्या शेजारी नळी लावून कुंड्या भिजवणं शोभत नाही.

मग झाडांना काय द्यायचं? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी बिनधास्त चालतं, फक्त ते त्याच दिवशी वापरावं. एसीचं पाणीही चालतं. कपड्यांचं पाणी नको, साबणातला सोडियम मातीची घडण बिघडवतो. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात; ते फरशीला ठीक, कुंडीला रोज नको. बोअरवेलचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात आणि मातीचा सामू वाढतो. मग लोह असूनही मुळांना मिळत नाही : कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. नत्राच्या कमतरतेत याच्या उलट, खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. पेंड घालण्याआधी हा फरक जरूर पाहावा. नळाच्या क्लोरीनची धास्ती मात्र फार बाळगू नये. त्या मात्रेने मातीतले जिवाणू संपत नाहीत. बंगळुरात वर्षाला 970 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तो जवळजवळ 97 हजार लिटर होतो. दोन पिंपं भरून ठेवली तरी जड पाण्याने साचलेले क्षार अधूनमधून धुता येतात.

आता पेंड. शेंगदाण्याच्या पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, निंबोळी पेंडीत चार-पाच. मल्लेश्वरममध्ये रोपवाटिकेत ‘बेविन हिंडी’ मागितली की निंबोळी पेंड मिळते, ‘होंगे हिंडी’ म्हणजे करंजाची. फुलं लागताना मूठभर, पन्नास ग्रॅम, शेंगदाणा पेंड वरच्या इंचभर मातीत मिसळली की साडेतीन ग्रॅम नत्र आलं, वर मांडलेली तूट बहुतेक भरली. निंबोळीतलं नत्र सावकाश सुटतं, कारण नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ती थोडं रोखून धरते. जास्त पाऊस पडणाऱ्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये म्हणूनच ती बरी. पेंड घातल्यावर माती सलग आठ-दहा दिवस ओलसर राहिली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग नाही; आणि रोप नाजूक असेल तर खोडापासून चार बोटं लांब घालावी, कुजताना ती तापते.

जीवामृताबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं. एकराला 200 लिटर पाणी, त्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती. या मापात झाडाला पुरेल इतकं नत्र नाहीच, आणि ते त्यासाठी नसतंही. दुधाला विरजण लावावं तसं ते मातीला लागतं. खाली गांडूळखत, पालापाचोळा असेल तर काम करतं. नुसत्या लाल मातीवर ओतून लागेल कशाला? दहापट पाण्यात मिसळून पंधरवड्यातून एकदा, तेही ओल्या मातीवर, संध्याकाळी. कोरड्या कुंडीत ओतलं तर ते कडेच्या फटीतूनच निघून जाईल.

पुढच्या आठवड्यात निचरा पाहू : भोकं किती, कुठे, आणि कुंडीच्या तळाशी खडी घालण्याची जुनी सवय सोडायची का.