काउंटरपलीकडची पाच मिनिटं

एका बॉलपेनासाठी तुम्ही किती तास राबाल? एकतीस? हसू नका. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिम्बल्स या दुकानात मिल्टन रेनॉल्ड्सचं बॉलपेन विक्रीला आलं, किंमत साडेबारा डॉलर. पाचच दिवस आधी अमेरिकेतलं किमान वेतन तासाला ४० सेंट झालं होतं. करा भागाकार: ३१ तासांहून जास्त मजुरी! तरी झुंबड उडाली. हे पेन पाण्याखालीही लिहितं, अशी जाहिरात होती. पाण्यात बसून पत्र कोणाला लिहायचं होतं, देव जाणे.

आता आजचं बघा. तिथलं संघीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय. पाकिटातलं साधं पेन २५ सेंटला पडतं असं धरा. म्हणजे दोन मिनिटांची मजुरी!

पण खरी गंमत पेन विकणाऱ्या माणसात आहे. समजा, त्यानं पेन काढलं, गिरवून दाखवलं, बांधून दिलं. गेली पाच मिनिटं. ४० सेंटच्या दरानं त्या मिनिटांचे साडेतीन सेंटही होत नाहीत. (तेव्हा हा कायदा सहसा दुकानातल्या नोकरांना लागू नव्हता, मोठ्या दुकानांपर्यंत तो १९६१ साली पोचला. म्हणून हा दर निव्वळ मोजपट्टी समजा.) साडेबारा डॉलरच्या पेनात तीन-साडेतीन सेंट कोणाच्या डोळ्यांवर येणार? आज तीच पाच मिनिटं ६० सेंटची. पेन पाव डॉलरचं आणि ते दाखवण्याची मजुरी त्याच्या दुपटीहून जास्त!

हे झालं कसं? कारखान्यातली यंत्रं चपळ होत गेली. गिऱ्हाइकाचं मन मात्र तेव्हाही पाच मिनिटांत ठरायचं, आजही तेवढाच वेळ घेतं. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात हेच कोडं वादकांवरून उलगडलं. बीथोव्हेनच्या चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेला त्याच्या काळी चार माणसं लागत, आजही चारच. पण यंत्रांमुळे इतर कामांचे पगार वाढत गेले; मेहनताना जुनाच ठेवला, तर वादक दुसरी नोकरी धरेल. पेन दाखवणारा त्याचाच भाऊबंद.

मग दुकानांनी ती पाच मिनिटं अलगद तुमच्या गळ्यात घातली. १९१६ मध्ये मेम्फिसच्या पिग्ली विग्ली या दुकानात गिऱ्हाइकानं किराणा स्वतः उचलण्याची सुरुवात झाली होती. १९८६ मध्ये बॉस्टनच्या ब्रायटन भागात स्टेपल्स या दुकानानं तोच खेळ ऑफिसच्या सामानावर मांडला: ढकला ट्रॉली, शोधा फडताळ. पेनं डझनानं का विकतात? एक पेन घ्या नाहीतर बारा, गल्ल्यावर वेळ तेवढाच जातो! १९७४ मध्ये ओहायोत च्युइंगमच्या पाकिटावरचा आजच्या पद्धतीचा पहिला बारकोड गल्ल्यावर वाचला गेला, आणि डब्या-डब्यावर किंमत डकवणारे हात हळूहळू मोकळे झाले. आता तर बारकोडही तुम्हीच यंत्रापुढे धरता. बिनपगारी!

आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मात्र "काका, जरा जेल दाखवा" म्हटलं की काका पाच पेनं पुढे टाकतात, सोबत एक चिठोरा. दुकान घरचं, म्हणून काकांची मिनिटं कुठल्याच वहीत चढत नाहीत. चिठोऱ्यावर आधीच्या दहा जणांच्या गिरगट्या असतात, आणि त्यांतले निम्मे पेन न घेताच गेलेले असतात.