खालची रिंग

जानेवारीतला रविवार, सकाळचे आठ. पुण्यात डेक्कनजवळच्या या सिमेंटच्या कोर्टावर ऊन आत्ता कुठे फ्री-थ्रोच्या रेघेपर्यंत पोचलंय. एका बाजूची रिंग खाली घेतली आहे, जमिनीपासून २.६० मीटरवर. तिच्याखाली दहा-अकरा वर्षांची मुलं मिनी बास्केटबॉलचा सराव करतायत. पलीकडच्या अर्ध्यात, ३.०५ मीटरच्या रिंगवर, मोठे खेळाडू अंग मोकळं करतायत.

मुलांच्या हातात पाच नंबरचा चेंडू आहे. एक चष्मेवाली मुलगी थांबते, गुडघे वाकवते, कपाळावरून चेंडू सोडते. शेवटी मनगट छान खाली वळतं. चेंडू रिंगला लागून बाहेर येतो, पण शॉट अस्सल आहे. या खेळात तीन गुणांची बास्केट नाही, फ्री-थ्रो चार मीटरवरून, आणि बाकावरच्या प्रत्येकाला खेळायला मिळालंच पाहिजे. एका मुलाचं पाऊल जास्त पडतं. सर शिट्टी वाजवत नाहीत, "आधी आपट, मग पळ!" एवढंच ओरडतात.

कडेला उभे असलेले एक वडील विचारतात, "सर, खऱ्या रिंगवर कधी?"

"यांची खरी रिंग हीच," सर मुलांवरची नजर न काढता म्हणतात.

मला हे उत्तर फार आवडतं. कितीतरी मैदानांवर याच वयाच्या मुलांना सात नंबरचा, सहाशे ग्रॅमच्या आसपासचा चेंडू देऊन पूर्ण उंचीच्या रिंगखाली उभं करतात. मुलं तो कमरेपासून उपसून भिरकावतात आणि ती सवय मोठेपणीही हातातून जात नाही. नियम वयाला बेतला की खेळ कच्चा राहतो, ही समजूत मुलांचं नुकसान करते.

साडेआठला मोठ्यांचा सामना सुरू होतो. टेबलावर शॉट क्लॉक आलंय. फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम : दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, शॉट घ्यायला २४ सेकंद. पायऱ्यांवर कॉलेजची दोन मुलं मोबाइलवर एनबीए बघतायत (अमेरिकेत अजून शनिवारची रात्र आहे). तिथे क्वार्टर बारा मिनिटांचा, २४ सेकंद मात्र तेच. हा आकडा तिथलाच. १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सनी चेंडू नुसता धरून ठेवत मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. प्रेक्षक कंटाळले. मग संघमालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला : सामन्याचे २८८० सेकंद, दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट, भागाकार २४. १९५४ पासून एनबीएत हे घड्याळ आहे. फिबाने आधी ३० सेकंद ठेवले होते, २००० पासून २४ केले.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक शॉट रिंगवर आदळून वर उसळतो. चेंडू रिंगच्या बरोबर वर असतानाच निळ्या संघाचा उंच सेंटर उडी मारून तो बाहेर ढकलतो.

"गोलटेंडिंग!" पायऱ्यांवरून आरोळी येते.

पंच हात हलवून खेळ चालू ठेवतात. ब्रेकमध्ये ते मुलांना समजावतात, "एनबीएत तो गुन्हा आहे. इथे शॉट एकदा रिंगला लागला की चेंडू कुणीही खेळावा." मुलं मोबाइल खाली ठेवतात. रिंगवर नाचणाऱ्या चेंडूसाठी दोन्ही संघांनी उड्या घ्याव्यात यातली चुरस मला जास्त भावते.

चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच सेंटरचा पाचवा फाउल होतो. चष्मेवाली मुलगी आता माझ्या शेजारी बसून केळं खातेय. ती विचारते, "दादा बाहेर का चालला? मोबाइलमधल्या प्लेअरचे पण पाच झालेत, तो खेळतोय की!"

"इथे पाचव्या फाउलला बाहेर, तिथे सहाव्याला. त्यांचा सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो ना, आपला चाळीसचा."

ती बोटांवर काहीतरी मोजते. कोर्टावर निळ्यांचा बुटका बदली खेळाडू रिंगखाली उभा राहतो, लाल संघ लगेच चेंडू आत टाकतो. तीन मिनिटं उरलीत, निळे चार गुणांनी पुढे आहेत, आणि ती केळ्याची साल हातात धरूनच ओरडते, "हात वर कर, हात वर!"